खान्देशात कॉम्प्युटर दुरुस्ती शिकायची आहे? आधी वीज, मग धूळ, मग विंडोज

दहावी-बारावीचे निकाल लागले की दरवर्षी एक प्रश्न हमखास येतो, "हार्डवेअरचा कोर्स कुठे करू?" कुठे ते पुढे सांगतोच. पण काय शिकायचं आणि कुठल्या क्रमाने, हे त्याआधी ठरवा. बरेच क्लास विंडोज टाकण्यापासून सुरुवात करतात. मुलगा दोन महिन्यांत फॉरमॅट मारायला शिकतो आणि पुढे कुठलाही बिघाड आला की फॉरमॅटच मारतो. मशीन तात्पुरतं चालतं, आठ दिवसांनी गिऱ्हाईक परत दारात.

आपल्याकडे टेबलावर येणाऱ्या बंद मशीनमध्ये मूळ दोष बहुतेक वेळा विजेचा, उष्णतेचा किंवा धुळीचा असतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांवर जातो, खेड्यांत लाईट दिवसातून किती वेळा येते-जाते याचा हिशेब नाही, आणि जिनिंग, डाळ मिल, चटई कारखान्यांच्या ऑफिसात मशीन वर्षभर धूळ ओढत असतं. म्हणून माझं सांगणं एकच आहे: मोजल्याशिवाय भाग बदलू नका, आणि मोजायला सुरुवात भिंतीतल्या सॉकेटपासून करा.

प्रवेश कुठे घ्यायचा

दहावी पास असाल तर पहिला विचार आयटीआयचा करा. फी कमी, दोन वर्षं हातात अवजारं आणि शेवटी देशभर चालणारं प्रमाणपत्र. ट्रेड मात्र नीट निवडा. 'कोपा' हा एक वर्षाचा ट्रेड मुख्यतः ऑपरेटिंग आणि प्रोग्रॅमिंगचा आहे, त्यात दुरुस्ती थोडी. दुरुस्तीच करायची असेल तर दोन वर्षांचा 'इन्फर्मेशन अँड कम्युनिकेशन टेक्नॉलॉजी सिस्टीम मेन्टेनन्स', म्हणजे आयसीटीएसएम, किंवा दोन वर्षांचा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक पाहा. मला विचाराल तर इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक केलेली मुलं पुढे बोर्डाच्या कामात जास्त टिकतात, कारण डायोड आणि कपॅसिटर त्यांनी आधीच हाताळलेले असतात. प्रवेश ऑनलाइन आणि केंद्रीय पद्धतीने होतात. विकल्प भरताना जवळच्या कुठल्या आयटीआयमध्ये हे ट्रेड आहेत ते तपासून मगच क्रम लावा.

खासगी क्लास लावायचा असेल तर पैसे भरण्याआधी एक तास तिथे बसा आणि पाहा, मुलांच्या हातात मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचा मीटर) आहे की फक्त वही? बंद पडलेली मशीन किती आहेत? फळ्यावर मदरबोर्डाचं चित्र काढून शिकवणाऱ्या ठिकाणी पैसे घालवू नका. एमएस-सीआयटी चांगली आहे, नोकरीच्या अर्जाला लागते, पण तिचा दुरुस्तीशी संबंध नाही.

खरं शिक्षण दुकानात होतं. जळगावात गोलाणी मार्केटला जा, धुळ्यात किंवा नंदुरबारला चालतं दुकान शोधा, आणि सहा महिने हाताखाली राहायची तयारी ठेवा. चहा आणणं, मशीन पुसणं, काउंटरवर नोंद घेणं हेही करावं लागेल. नोंद घेण्याचं काम तर मागून घ्या. रोज दहा गिऱ्हाइकं आपला बिघाड आपल्या शब्दांत सांगतात, ते ऐकून कान तयार होतो. "काल लाईट गयी नि उनी, तवयपाईन चालूच व्हत नही," असं एखादे काका म्हणाले तर अर्धं निदान त्यांनीच करून दिलं आहे. लाईट परत येताना व्होल्टेज उसळलं, म्हणजे आधी एसएमपीएस (भिंतीतल्या विजेचे बोर्डाला लागणारे कमी व्होल्ट करणारा डबा) पाहायचा, हे तुमच्या डोक्यात आलं पाहिजे. मुलींनीही बिचकू नये. हे काम बोटांच्या नेमकेपणाचं आहे, आणि घरी येऊन कॉम्प्युटर पाहायला ताई आली तर कित्येक घरांना ते जास्त सोयीचं वाटतं.

पहिली खरेदी

सगळं एकदम घेऊ नका. चांगला पेचकस सेट, ब्रश, ब्लोअर, २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न, ६०/४० सोल्डर वायर, फ्लक्स, आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली, थर्मल पेस्ट (प्रोसेसरवर लावायचा, उष्णता वाहून नेणारा लेप) आणि दोन पेन ड्राइव्ह. मल्टिमीटरवर काटकसर करू नका. सॉकेट मोजायचा असेल तर अंगावर 'कॅट-३' (घरच्या वायरिंगवर मोजायला सुरक्षित असल्याची खूण) लिहिलेला, जाड इन्सुलेशनच्या प्रोबचा मीटर हवा. दोनशे-अडीचशेचा पिवळा मीटर बोर्डावरचे ५ आणि १२ व्होल्ट मोजायला ठीक आहे, २३० ला नाही.

आणि भंगारवाल्याकडून एक जुनं मशीन उचला. जी४१ किंवा एच६१ बोर्डाचं डीडीआर३ रॅमवालं मशीन शिकायला उत्तम, कारण त्याचे भाग अजून मिळतात आणि बिघडलं तरी जीव तुटत नाही. ते पूर्ण सुटं करा, पुन्हा जोडा, न बघता जोडता येईपर्यंत जोडा. प्रोसेसरच्या सॉकेटमधल्या बारीक पिनांना बोट लावू नका, एक वाकली तरी बोर्ड गेला म्हणून समजा. डीडीआर३ आणि डीडीआर४ रॅमची खाच वेगळ्या जागी असते. जोर लावून बसवावी लागतेय असं वाटलं की थांबा, ती त्या बोर्डाची नाही.

सॉकेटपासून सुरुवात

सॉकेटकडे तोंड करून पाहा: वरचं मोठं भोक अर्थिंगचं, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. मीटर एसीच्या सगळ्यात मोठ्या रेंजवर ठेवा आणि तीन आकडे वहीत लिहा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास हवं. फेज-अर्थ जवळजवळ तितकंच हवं. न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. सुरुवातीला हे कुणीतरी जाणतं माणूस शेजारी असतानाच करा, कोरड्या हातांनी, पायात चप्पल घालून.

खेड्यात बऱ्याच घरी दुसरा, फेज-अर्थचा आकडाच सगळं सांगून टाकतो. सॉकेटला तीन भोकं असतात, पण अर्थिंगच्या भोकामागे वायरच जोडलेली नसते. मग गिऱ्हाईक सांगतं, "सीपीयूला हात लावला की झिणझिण्या येतात." एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट गाळण्यासाठी फेज आणि न्यूट्रलपासून पत्र्याच्या डब्याला जोडलेले छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग असेल तर तो बारीक प्रवाह जमिनीत जातो. नसेल तर डबा साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतो आणि हात लावणाऱ्याला चुणचुणतो. अशा वेळी नवा एसएमपीएस घालून काही होत नाही, नवाही चुणचुणतो. वायरमनला बोलवून अर्थिंग करून घ्या. ज्यांच्याकडे अर्थिंगचा खड्डा आहे त्यांना उन्हाळ्यात त्यात पाणी घालायला सांगा. काळी जमीन वाळून भेगाळली की अर्थिंगचा रेझिस्टन्स वाढतो आणि पावसाळ्यात ठीक असलेली अर्थिंग एप्रिलमध्ये निकामी होते.

फेज-न्यूट्रल कधी १७०, कधी २७० दिसत असेल तर न्यूट्रल कुठेतरी ढिला आहे. ही गोष्ट धोक्याची आहे. थ्री-फेज लाइनवर न्यूट्रल पूर्ण सुटला तर घरात ४०० च्या जवळ व्होल्टेज येऊ शकतं आणि टीव्ही, फ्रीज, कॉम्प्युटर एकदम जातात. मशीन प्लगमधून काढून ठेवा आणि महावितरणला कळवायला सांगा. दुरुस्ती त्यानंतर.

यूपीएसबद्दलही इथेच. साध्या ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी असते. उष्णता हा तिचा शत्रू: तापमान १० अंशांनी वाढलं की लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य जवळजवळ निम्मं होतं. पत्र्याच्या छताखाली, खिडकीशेजारी ठेवलेला यूपीएस दीड वर्षात बसला तर कंपनीला दोष देऊ नका, त्याची जागा बदलायला सांगा. आणि लेझर प्रिंटर यूपीएसला कधीच जोडू नका. त्याचा फ्यूजर (पावडर कागदावर वितळवून बसवणारा गरम रोलर) तापताना एकदम इतका करंट ओढतो की यूपीएस ट्रिप होतो.

डेड मशीन: क्रम सोडायचा नाही

बटन दाबलं, काहीच नाही. आधी पॉवर केबल बदलून पाहा, एसएमपीएसच्या मागचा स्विच पाहा. मग एसएमपीएस बोर्डापासून सोडवा. २४ पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी वायर कुठल्याही काळ्या वायरशी जोडा, त्याला क्लिप पुरते. पंखा फिरला तर मीटर डीसीवर घ्या. काळा प्रोब काळ्या वायरवर. पिवळीवर १२, लालवर ५, नारिंगीवर ३.३ व्होल्ट मिळाले पाहिजेत. पाच टक्क्यांचा फरक चालतो, म्हणजे पिवळीवर ११.४ ते १२.६. जांभळी वायर ५ व्होल्ट स्टँडबायची. ती हिरवी-काळी न जोडता, नुसता प्लग लावल्यावरही जिवंत असली पाहिजे. जांभळी मेलेली असेल तर बटन कितीही दाबा, काही होणार नाही. लोड नसताना आकडे बरोबर आले म्हणून एसएमपीएस शंभर टक्के ठीक समजू नका. शंका असेल तर चांगला लावून पाहा.

एसएमपीएसचं झाकण नवख्याने उघडू नये. त्यातल्या मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ राहतात.

एसएमपीएस ठीक निघाला तर बोर्डावर फक्त प्रोसेसर आणि एक रॅम ठेवा, बाकी सगळं काढा. रॅमचे सोनेरी दात पेन्सिलच्या रबरने हलके पुसा, अल्कोहोलने साफ करा, दुसऱ्या स्लॉटमध्ये लावा. "डिस्प्ले येत नाही" म्हणून आलेली कितीतरी मशीन इथेच सुरू होतात. कूलरच्या ओल्या हवेत दातांवर थर चढतो, म्हणून आपल्याकडे हे जास्त. नाही झालं तर नाण्याएवढा सीआर२०३२ सेल काढून मोजा. तो ३ व्होल्टचा असतो, २.७ च्या खाली गेला असेल तर बदला. मशीन रोज जुनी तारीख दाखवत असेल, बँकेची साईट उघडत नसेल, तर त्यामागेही बहुतेक वेळा हाच सेल असतो. त्यानंतर बोर्डावरचे कपॅसिटर डोळ्यांनी पाहा. डोकं फुगलेलं किंवा पाझरलेलं दिसलं तर दोष सापडला.

एका वेळी एकच भाग बदला. दोन एकदम बदलले आणि मशीन चालू झालं, तर दोष कशात होता हे तुम्हाला कधीच कळणार नाही, आणि गिऱ्हाइकाला एका भागाचे पैसे फुकट पडतील.

ऊन, धूळ आणि कापूस

प्रोसेसर थंड ठेवायला पंख्याला खोलीची हवाच वापरावी लागते. एसीच्या खोलीत २५ अंशांची हवा मिळते, इथे मेमध्ये ४५ ची. म्हणजे वीस अंशांचा फरक आधीच पडलेला. इंटेलचे लॅपटॉप प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोचले की स्वतःचा वेग कमी करतात, आणि गिऱ्हाईक म्हणतं, "उन्हाळ्यात हँग होतो, व्हायरस असेल." तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर लावून आकडा बघा, मगच बोला.

जिनिंगच्या ऑफिसातलं मशीन एकदा तरी स्वतः उघडून बघा. कापसाचा सीझन संपता संपता हीटसिंकच्या (प्रोसेसरवरच्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांवर तंतूंचा थर असा बसलेला असतो की तो चिमटीने धरून वाकळीसारखा अख्खा उचलता येतो. वरून पंखा जोरात फिरत असतो, पण हवा खाली जातच नाही. ब्लोअर मारताना मशीन अंगणात न्या, आणि पंखा बोटाने धरून ठेवा. ब्लोअरच्या हवेने तो सुसाट फिरला तर बेअरिंग खराब होतं. जुनी थर्मल पेस्ट अल्कोहोलने पूर्ण पुसा, नवी तांदळाच्या दाण्याएवढी पुरे. मालकाला मशीन कूलरच्या थेट झोतात ठेवू नका म्हणून सांगा. गार वाटतं खरं, पण ओलावा आणि धूळ मिळून बोर्डावर वीज वाहून नेणारा थर बनतो.

फॉरमॅट मारण्याआधी

आता विंडोज. टाकायला शिकणं सोपं आहे: मायक्रोसॉफ्टच्या साईटवरून फाइल घ्या, रुफससारख्या टूलने पेन ड्राइव्ह बूटेबल करा, बाकी पडद्यावर विचारलं जातं. अवघड आहे ते काय जपायचं हे ओळखणं. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स सगळेच घेतात. टॅलीचा डेटा फोल्डर, ब्राउझरमधले पासवर्ड, डिजिटल सिग्नेचरचा ड्रायव्हर, बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्राचा ड्रायव्हर राहून जातो. आणि मराठी फॉन्ट! ग्रामपंचायतीत, शाळेत, झेरॉक्सच्या दुकानात वीस वर्षांच्या फाइली श्रीलिपी नाहीतर कृतीदेवमध्ये टाइप केलेल्या असतात. फॉन्ट गेला की त्या सगळ्या फाइली अगम्य अक्षरांचा ढीग होतात. आधी फॉन्टचं फोल्डर कॉपी करा, नंतर बाकीचं.

नव्या लॅपटॉपवर एन्क्रिप्शन (डेटाला लावलेलं कुलूप) चालू आहे का तेही पाहा. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी असल्याशिवाय बायोसला (विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगला) हात लावू नका. हार्ड डिस्क टक-टक आवाज करत असेल तर मशीन ताबडतोब बंद करा. तिच्यावर दुरुस्तीचं कुठलंही सॉफ्टवेअर चालवू नका, प्रत्येक मिनिटाला डेटा परत मिळण्याची आशा कमी होते. गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा की हे रिकव्हरी लॅबचं काम आहे.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो. म्हणून जुन्या मशीनवाल्यांना पर्याय समजावून सांगता आले पाहिजेत. नुसतं इंटरनेट आणि टायपिंग असेल तर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टीम शिकून ठेवा. सरकारी पोर्टलवर ठसे घेणारं यंत्र चालवायचं असेल तर मशीन बदलण्याचाच सल्ला द्या. मशीन चांगलं पण मंद असेल तर हार्ड डिस्क काढून एसएसडी लावा. इतक्या कमी खर्चात गिऱ्हाइकाला इतका फरक दुसऱ्या कशाने जाणवत नाही. विंडोज फुकटात चालू करून देणारे चोरीचे ॲक्टिव्हेटर मात्र टाकू नका. त्यांच्यासोबत काय आत येतं ते तुम्हालाही माहीत नसतं, आणि उद्या त्या माणसाच्या खात्यातून पैसे गेले तर मशीनला शेवटचा हात तुमचाच लागलेला असेल.

प्रिंटर, कारण पहिली कमाई तिथून होते

सेवा केंद्रांत, शाळांत, वकिलांकडे १२ए टोनरचे जुने लेझर प्रिंटर अजून ठणठणीत चालतात. जूनमध्ये शाळेचे प्रवेश, त्यानंतर पीक विम्याचे अर्ज, त्या दिवसांत टोनर संपला तर केंद्रचालक तासाभरात माणूस शोधतो. रिफिल करताना मास्क लावा. पावडर कपड्यावर सांडली तर झटका आणि थंड पाण्याने धुवा, गरम पाण्याने ती वितळून कापडात बसते. हिरव्या ड्रमला बोट लावू नका, उजेडात उघडा ठेवू नका. पानावर उभी काळी रेघ आली तर वायपर ब्लेड किंवा ड्रमवरचा ओरखडा पाहा. ठरावीक अंतरावर तोच ठिपका येत असेल तर कुठल्या तरी रोलरवर किंवा ड्रमवर डाग आहे, तो फेऱ्यागणिक उमटतो. पिन लावलेला कागद आत गेला की फ्यूजरचं टेफ्लॉन फाटतं, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवा. पावसाळ्यात कागद सतत अडकत असेल तर यंत्र उघडण्याआधी नवं, कोरडं रीम लावून पाहा.

नेटवर्कची केबल क्रिम्प करायला, म्हणजे तिच्या टोकाला कनेक्टर दाबून बसवायला, एका दुपारी शिकून होईल. दोन्ही टोकांना एकच क्रम: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. एका तुकड्याची लांबी १०० मीटरच्या आत ठेवा.

चिप लेव्हल कधी

चिप लेव्हल, म्हणजे लॅपटॉपच्या बोर्डावरचे बारीक भाग बदलण्याचं काम, शिकायची घाई सगळ्यांना असते. पैसा तिथे आहे, हे खरं. पण ज्याला १२ व्होल्टची वायर शोधता येत नाही त्याने हॉट गन (गरम हवेने सोल्डर वितळवणारं अवजार) हातात घेतली तर लोकांचे बोर्ड जळतात. वर्षभर डेस्कटॉप आणि प्रिंटर करा, मग डीसी पॉवर सप्लाय आणि एसएमडी मशीन (बोर्डावरचे बारीक भाग काढा-बसवायचं यंत्र) घ्या, भंगारातल्या बोर्डांवरून मॉसफेट (विजेचे बारीक स्विच) काढून परत बसवण्याचा सराव करा. सर्किटचा नकाशा वाचायला शिका. १९ व्होल्ट कुठून येतात, त्यातून ३.३ आणि ५ कुठे तयार होतात, कुठे शॉर्ट आहे, हे नकाशावर बोट ठेवून सांगता आलं की तुम्ही तयार झालात. पुढच्या शिक्षणासाठी नाशिक-पुणे आहेच, आणि अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबारकडच्यांना सुरत रेल्वेने सरळ मार्गावर आहे. सुटे भाग आणायला मुंबईचा लॅमिंग्टन रोड एकदा पाहून या.

स्वतःचं काम सुरू करताना

उद्यम नोंदणी ऑनलाइन होते आणि मोफत असते, कुणी पैसे मागितले तर देऊ नका. मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळतं, अवजारांना तेवढं पुरतं.

मशीन घेताना पावती फाडा. तिच्यावर मॉडेल, सिरियल नंबर, चार्जर दिला की नाही, पडद्यावर तडा आधीच होता का, सगळं लिहा आणि सही घ्या. तपासणीचे पैसे आधीच सांगा. बदललेला जुना भाग गिऱ्हाइकाच्या हातात परत द्या. मशीनमध्ये लोकांचे फोटो, बँकेची कागदपत्रं, घरच्या गोष्टी असतात. काम सोडून एकही फोल्डर उघडायचं नाही, आणि हाताखालच्या पोरालाही उघडू द्यायचं नाही. लहान गावात ही एक गोष्ट बिघडली तर दुकान चालत नाही.

जुने बोर्ड तांब्यासाठी जाळायला देऊ नका. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत, साठवून अधिकृत रीसायकलरकडे द्या. लॅपटॉपची बॅटरी फुगलेली दिसली तर चार्जर काढा, टोचू-दाबू नका, कोरड्या वाळूच्या डब्यात दुकानाच्या सावलीतल्या बाजूला ठेवा, आणि ती कधीच पत्र्याखाली उन्हात राहू देऊ नका.